हिमवाटेचा परवाना आणि विम्याची उघडी बाजू

गुलमर्ग किंवा सोलांगच्या उतारावर ‘स्नो स्कूटर’ची दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारून आलेले पर्यटक गोव्यात आणि महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. भाव ठरतो, स्थानिक चालक पुढे किंवा मागे बसतो, फेरी संपते, छायाचित्रे निघतात. कागदाचा संबंध सहसा येत नाही. या वाहनाचे खरे नाव स्नोमोबाइल. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरता पट्टा आणि मध्ये मोटारसायकलसारखी बैठक असे त्याचे रूप असते. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र ते मौजेची फेरी मारण्यापुरते राहत नाही. तेथे त्याला नोंदणी क्रमांक असतो, त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा असतो, वेगमर्यादा असते, मद्यपान करून चालविल्यास मोटारीचा परवानाही जातो, आणि ज्या वाटेवरून ते न्यायचे त्या वाटेचा वेगळा परवाना घ्यावा लागतो.

टोरांटो परिसरात स्थायिक झालेल्या गोमंतकीय आणि मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. ओंटारियोतील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकणारे भारतीय विद्यार्थी त्याहून अधिक. मुलांकडे हिवाळ्यात मुक्कामाला जाणारे आईवडीलही दरवर्षी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हॅलिबर्टन किंवा मस्कोकाच्या बाजूला सहल ठरली की स्नोमोबाइलचा विषय निघतोच. त्या वेळी परवान्याचा खर्च सगळे विचारतात, विम्याची चौकशी मात्र फार थोडे करतात. या सहलीतला सर्वांत स्वस्त कागद परवान्याचा असतो आणि सर्वांत महाग पडतो तो जवळ नसलेला विम्याचा कागद, हे पुष्कळांना अपघातानंतर कळते.

या वाहनाचा जन्मच एका अडलेल्या रस्त्याच्या दुःखातून झाला, असे त्याच्या कर्त्याच्या चरित्रावरून म्हणता येते. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावचा तंत्रज्ञ जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला. बर्फाने वाटा बंद होत्या आणि रुग्णालयापर्यंत त्याला नेता आले नाही. बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांचे बोंबार्दिएचे प्रयोग त्याआधीपासून चालू होते, ते पुढे अधिक जिद्दीने चालले. १९५९ मध्ये त्याने ‘स्की-डू’ हे हलके, एक-दोन माणसांचे वाहन बाजारात आणले. शेतकरी, मिशनरी, फासेपारधी आणि डॉक्टर यांच्या उपयोगाचे हे साधन पाहता पाहता हौसेचे झाले, आणि हौशींना वाटा हव्या झाल्या.

वाट कुणाच्या मालकीची?

परवान्याचे पैसे कशासाठी, हे समजण्यास आधी वाटेची मालकी पाहावी लागते. ओंटारियोत स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटांची एकूण लांबी तीस हजार किलोमीटरच्या आसपास भरते. ‘ओंटारियो फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्ज’ ही संस्था आणि तिचे गावोगावचे क्लब या वाटांची देखभाल करतात. यातील बराचसा भाग सरकारी जमिनीतून जातो. पण दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यात वाट पुष्कळदा एखाद्याच्या मक्याच्या शेतातून, कुरणातून किंवा खासगी जंगलातून काढलेली असते. मालकाने ती हिवाळ्यापुरती, बहुधा विनामूल्य, वापरू दिलेली असते.

आपल्याकडच्या वाचकाला येथे पाणंद आठवेल, किंवा वहिवाटीचा रस्ता. पण दोहोंत मूलभूत भेद आहे. वहिवाट हा हक्क असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने तो पक्का होतो आणि त्यासाठी मामलेदाराकडे दाद मागता येते. हिमवाट ही केवळ अनुमती असते. शेतकऱ्याचे मन मोडले, कुणी पिकाच्या गव्हांकुरांवरून गाडी घातली, कुणी कुंपण तोडले, की पुढच्या हंगामात ती वाट नकाशावरून पुसली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंची जोडणी तुटते. क्वेबेकमध्ये तर शेजाऱ्यांचा त्रासही न्यायालयापर्यंत गेला. लॉरेंशिअन डोंगराळ भागात जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या ‘पती त्रँ द्यू नॉर’ उद्यानवाटेलगत राहणाऱ्यांनी आवाज आणि धूर यांविरुद्ध दावा लावला, आणि २००४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

म्हणून परवान्याकडे केवळ शुल्क म्हणून पाहणे चुकीचे ठरते. त्या पैशातून बर्फ दाबून सपाट करणारी ग्रूमर यंत्रे रात्रभर फिरतात, पूल आणि फलक दुरुस्त होतात, आणि वाटेवर काही घडले तर जमीनमालकावर आर्थिक बोजा येऊ नये यासाठी संघटनेमार्फत विम्याची तजवीज होते. हा विमा जमीनमालकाचा आणि क्लबचा. वाहन चालविणाऱ्याचा नव्हे. सगळा घोटाळा येथून सुरू होतो, कारण ‘परवान्यात विमा आहे’ हे अर्धे वाक्य ऐकून पाहुणा निश्चिंत होतो.

ओंटारियोचा हिशेब

ओंटारियोत २००० साली ‘मोटराइज्ड स्नो व्हेइकल्स अॅक्ट’मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून संघटनेच्या वाटांवर परवाना सक्तीचा ठरला. तो माणसाला नव्हे, वाहनाला मिळतो. प्रत्येक गाडीच्या ओळखक्रमांकाशी तो जोडलेला असतो. एका कुटुंबाच्या दोन गाड्या असतील तर दोन परवाने लागतात, आणि एका गाडीचा परवाना सोयीसाठी दुसरीवर चिकटवता येत नाही. जमीनमालक, फासेपारधी आणि परंपरेने त्या वाटा वापरणारे काही गट यांना कायद्याने सूट आहे. पाहुण्याला ती नाही.

दराची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. हंगामी परवाना जितका लवकर घ्यावा तितका स्वस्त. २०१८-१९ च्या हंगामाचे उदाहरण घेतले तर १ नोव्हेंबरपर्यंत १९० डॉलर, १ डिसेंबरपर्यंत २२० आणि त्यानंतर २७० असे तीन टप्पे होते. त्यानंतर आकडे वाढले, पण टप्प्यांची पद्धत तीच राहिली. कॅनडाचा डॉलर गेल्या काही वर्षांत साठ रुपयांच्या घरात राहिला आहे, त्या हिशेबाने शेवटच्या टप्प्यातील परवाना सोळा हजार रुपयांच्या पुढे जातो. १९९९ किंवा त्याआधीच्या बनावटीच्या जुन्या गाड्यांना स्वस्त ‘क्लासिक’ परवाना मिळतो. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना बहुदिवसीय परवाना असतो. त्यात किमान दोन सलग दिवस घ्यावे लागत आणि त्या काळी दोन दिवसांना सुमारे ९० डॉलर पडत. एक दिवसाच्या हौसेलाही दोन दिवसांचे पैसे, असा हा व्यवहार.

लवकर घ्यावा की वाट पाहावी, हा प्रश्न स्थानिकाला आणि पाहुण्याला सारखा नसतो. स्थानिक माणूस संपूर्ण हिवाळा वाटेवर काढतो, त्याला ऐंशी डॉलरची बचत खरी आहे. पाहुण्याच्या हातात एखादा शनिवार-रविवार असतो, आणि बर्फ कुणाच्या सवलतीची तारीख पाळत नाही. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडाच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला. त्या वर्षी ओंटारियोच्या दक्षिण भागात वाटा फार थोडे दिवस चालल्या. बर्फ पडला नाही म्हणून पैसे परत मिळतील, या आशेवर परवाना घेऊ नये. दोन-तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने वाट खरोखर उघडल्याची खात्री करून बहुदिवसीय परवाना घ्यावा, मग तो दिवसाच्या हिशेबाने महाग का पडेना, हेच व्यवहाराचे शहाणपण.

वाट उघडली की नाही, हे संघटनेच्या नकाशावर रंगांनी दाखवलेले असते. हिरवी वाट खुली, पिवळी मर्यादित, लाल बंद. लाल वाटेवर जवळचा परवाना कामाचा नसतो. तेथे गाडी नेणारा खासगी जमिनीत विनापरवाना शिरलेला समजला जातो. गोठलेल्या तळ्यावरून जाणाऱ्या वाटेच्या बाबतीत हिरव्या रंगावरही आंधळेपणाने विसंबू नये, असे तेथील जुने चालक सांगतात. बर्फाची जाडी एका रात्रीत आणि शंभर मीटरच्या अंतरात बदलते.

परप्रांतातील किंवा अमेरिकेतील रहिवासी आपली गाडी घेऊन आला, तर त्याच्या मूळ ठिकाणची नोंदणी ओंटारियोत चालते. परवाना मात्र ओंटारियोचाच हवा. क्वेबेकचा इकडे चालत नाही, इकडचा तिकडे चालत नाही. ओटावा नदी ओलांडली की कागद बदलतो.

सीमेपलीकडे

अमेरिकेत एकच देशव्यापी नियम नाही, आणि राज्यागणिक पद्धतीच निराळ्या आहेत. मिशिगनमध्ये रहिवासी आणि पाहुणा यांना एकच परवाना, एकच दर. २०२१ पासून तो ५२ डॉलर आहे. विस्कॉन्सिनने पाहुण्यांसाठी ५० डॉलरचा हंगामी पास ठेवला, तर स्थानिकाने क्लबचे सदस्यत्व घेतल्यास त्याला तो खूपच स्वस्तात दिला. मिनेसोटात बाहेरच्याला ५१ डॉलरचे स्टिकर लागत असे. न्यूयॉर्क राज्य तर परवान्याऐवजी नोंदणीच मागते, आणि दुसऱ्या राज्याची नोंदणी मानत नाही. तेथे दीर्घकाळ १०० डॉलरचा दर राहिला, पण एखाद्या स्थानिक क्लबचे सदस्यत्व घेतले की तो ४५ वर येई. क्लबची वर्गणी जमेस धरूनही ही सवलत फायद्याची ठरे, आणि वाटेची देखभाल करणारे हात वाढावेत हा त्यामागचा हेतू उघड आहे. न्यू हॅम्पशायरही स्वतःची नोंदणी करायला लावते. व्हरमाँटमध्ये १९६७ साली स्थापन झालेल्या ‘व्हास्ट’ या संघटनेचे सदस्यत्व आणि वाट-देखभालीचा आकार भरल्याशिवाय तिच्या वाटांवर जाता येत नाही.

हे सर्व आकडे अमेरिकी डॉलरमधले आहेत आणि हंगामागणिक बदलतात. प्रवासाआधी त्या त्या राज्याच्या खात्याकडून ताजा दर घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. आकड्यांपेक्षा लक्षात ठेवायची गोष्ट ही की, तीन राज्यांतून जाणारी एकच सहल तीन वेगळे कागद मागू शकते.

विम्याची गाठ

परवान्याच्या दरात राज्याराज्यांतील फरक पाच-पन्नास डॉलरचा आहे. विम्याच्या बाबतीत फरक तत्त्वाचा आहे.

मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनमध्ये स्नोमोबाइलला विमा सक्तीचा नाही. घरमालकाच्या विमापत्रात गाडी धरलेली आहे, असे पुष्कळ मालक समजतात. पण असे संरक्षण बहुधा स्वतःच्या आवारापुरते असते, वाटेवर ते संपते. न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या जमिनीबाहेर गाडी काढायची तर त्रयस्थ दायित्वाचा विमा, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्रास थर्ड पार्टी म्हणतात तो, असावाच लागतो. त्याची किमान मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी २५ हजार, मृत्यूसाठी ५० हजार आणि मालमत्तेसाठी १० हजार डॉलर अशी आहे. एकाच अपघातात अनेकांना इजा किंवा मृत्यू झाल्यास पहिल्या दोन रकमा दुप्पट होतात. व्हरमाँटही दायित्वाचा विमा मागते. ओंटारियोत किमान मर्यादा दोन लाख कॅनेडियन डॉलर आहे, आणि क्वेबेकमध्ये दहा लाख.

विमा सक्तीचा नसलेल्या राज्यातून आलेला अमेरिकी पाहुणा म्हणूनच ओंटारियोच्या सीमेवर अडचणीत येतो. घरी त्याची गाडी विम्याशिवाय कायदेशीर असते, पूल ओलांडताच ती बेकायदेशीर होते. घरचा विमा असला तरी तो कॅनडात लागू आहे का आणि तेथील किमान मर्यादा पाळतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे लागते. अमेरिकी वाहन-विमा कंपन्या कॅनडासाठी वेगळे प्रमाणपत्र देतात. ते मागून घेतल्यास वाटेवरच्या पोलिसाशी वाद घालण्याची पाळी येत नाही.

क्वेबेकची व्यवस्था यांत सर्वांत विचारपूर्वक रचलेली वाटते, आणि सर्वांत फसवीही. तेथील क्लबांचा महासंघ १९७४ पासून काम करतो आणि त्याच्या वार्षिक ‘प्रवेशहक्का’त त्रयस्थ दायित्वाचा विमा अंतर्भूत असतो. म्हणजे कायद्याने मागितलेले संरक्षण परवान्यासोबतच मिळते. ओंटारियोत असे होत नाही. पण हे संरक्षण दुसऱ्याच्या नुकसानीचे आहे. स्वतःची गाडी मोडली, किंवा स्वतःचा पाय मोडला, तर त्यातून काही मिळत नाही.

दुसरा सापळा याहून मोठा. क्वेबेकमध्ये मोटार अपघातात जखमी झालेल्याला, चूक कुणाची हे न पाहता, सरकारी योजनेतून भरपाई मिळते. १९७८ पासूनची ही योजना तेथील लोकांच्या हाडीमासी भिनलेली आहे. स्नोमोबाइलचा अपघात मात्र तिच्या कक्षेबाहेर आहे. चालत्या मोटारीशी टक्कर झाली तरच योजना लागू होते. झाडावर आदळून किंवा दोन स्नोमोबाइल एकमेकींवर धडकून जखमी झालेला माणूस, जन्माने क्वेबेकचा असला तरी, त्या भरपाईस मुकतो. पाहुण्याने तिचा आधार धरून चालणे तर फारच धोक्याचे.

सही कशावर केली?

भाड्याने गाडी घेणाऱ्याला परवान्याची धावपळ बहुधा करावी लागत नाही; गाडीवर तो आधीच चिकटवलेला असतो. तरी फलकावरील जाहिरात न पाहता गाडीवरील स्टिकर पाहावे आणि ते चालू हंगामाचे आहे ना, याची खात्री करावी. काही व्यावसायिक स्वतःच्या खासगी आवारातील वाटांवरच फिरवतात. तेथे संघटनेचा परवाना लागत नाही, पण त्या गाडीने आवाराबाहेरची वाट धरता येत नाही.

भाडे देताना एक छापील करार पुढे येतो. त्यात दोन गोष्टी असतात. पहिली, गाडीच्या नुकसानीची जबाबदारी: विमा असला तरी पहिले काही हजार डॉलर भाडेकरूने भरायचे, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवलेली. मोटार भाड्याने घेतल्यास कार्डासोबत मिळणारे नुकसान-संरक्षण स्नोमोबाइलला सहसा लागू होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. बर्फाखाली दडलेल्या खडकाला पुढची पट्टी लागली तरी खर्च खिशातून जातो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. त्या कराराने भाडेकरू, इजा झाल्यास व्यावसायिकावर दावा न करण्याचे मान्य करतो. आपल्याकडच्या भाषेत ते हक्कसोडपत्रच. हे कितपत बंधनकारक? ओंटारियोच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दोन स्की केंद्रांच्या प्रकरणांत असा निर्णय दिला की, ग्राहक संरक्षण कायद्याच्या आधारे अशी हक्कसोड निष्प्रभ करता येत नाही. जागेच्या ताबेदाराच्या दायित्वाचा कायदा तिला मोकळीक देतो. ही प्रकरणे स्कीइंगची होती, पण त्यांच्या तर्काची सावली हिवाळ्यातील सर्वच खेळांवर पडते. क्वेबेकमध्ये नेमके उलट आहे. तेथील नागरी संहितेच्या कलम १४७४ नुसार दुसऱ्याच्या शरीरास झालेल्या इजेची जबाबदारी कुणालाही कराराने झटकता येत नाही. तेव्हा तीच सही नदीच्या एका काठावर पाहुण्याचा दावा बुडवू शकते आणि दुसऱ्या काठावर जवळजवळ कागदावरच राहते. वाचल्याशिवाय सही करू नये हे खरेच, पण कोणत्या प्रांतात सही करतो आहोत हेही वाचकाने लक्षात ठेवावे.

पाहुणा चालक आणि घरची गाडी

मराठी कुटुंबांत अधिक घडणारा प्रसंग भाड्याचा नसून घरगुती आहे. मुलाच्या किंवा भाच्याच्या मित्राकडे गाडी असते. ‘काका, तुम्ही पण एक चक्कर मारा’ असा आग्रह होतो, आणि काका नको म्हणत म्हणत बसतात.

ओंटारियोत वाटेवर गाडी चालविणाऱ्याकडे मोटारीचा किंवा स्नोमोबाइलचा चालक परवाना असावाच लागतो. बाहेरून आलेल्यास आपल्या ठिकाणचा वैध परवाना चालतो. भारतीय परवान्यावर तेथे मोटार चालविण्याची मुभा साधारण तीन महिन्यांची आहे. त्याहून दीर्घ मुक्काम असणाऱ्याने भारतातून निघण्यापूर्वीच परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून नेणे हिताचे. नातवंडांसाठी वर्ष-वर्ष राहणाऱ्या आजीआजोबांना हे विशेष लागू आहे.

यात केवळ दंडाचा प्रश्न नाही. ओंटारियोच्या वाहन-विम्यात कायद्याने घातलेली एक अट अशी की, कायद्याने चालविण्यास पात्र नसलेल्याच्या हाती विमाधारकाने गाडी देऊ नये. ती मोडली तर विमा कंपनीला पाठ फिरविण्यास जागा मिळते आणि गाडी देणाऱ्या यजमानावरच संकट येते. आग्रह प्रेमाचा असतो, भुर्दंड घराच्या कर्जासह सगळ्या कुटुंबावर पडू शकतो. काकांनी मागे बसून फिरावे आणि यजमानाने हँडल धरावे, ही तडजोड दोघांच्या हिताची. शिरस्त्राण मात्र मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे.

वेगाबद्दल एक वाक्य पुरे. या वाटांवर ताशी ५० किलोमीटरची कायदेशीर मर्यादा आहे आणि गाड्या त्याच्या दुप्पट-अडीचपट सहज धावतात. मर्यादा ओलांडून झालेल्या अपघातात विम्याचा प्रत्येक दावा अधिक अवघड होतो.

स्वतःच्या शरीराचा विमा

शेवटचा कागद सगळ्यांत वैयक्तिक आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ओंटारियोची सरकारी आरोग्ययोजना पर्यटकाला लागू नाही. अपघातस्थळ बहुधा रस्त्यापासून दूर असते. जखमीला तेथून काढण्यासाठी दुसरी स्नोमोबाइल, मग रुग्णवाहिका, प्रसंगी हेलिकॉप्टर लागते. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि चार-पाच दिवसांचा रुग्णालयातील मुक्काम एवढ्याने बिल कित्येक लाख रुपयांच्या घरात जाते.

मुलांकडे ‘सुपर व्हिसा’वर जाणाऱ्या आईवडिलांकडे किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एका वर्षाचा वैद्यकीय विमा असतो, कारण त्याशिवाय तो व्हिसाच मिळत नाही. ओंटारियोच्या विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांना त्यांची स्वतंत्र आरोग्यविमा योजना असते. आपण विमाधारक आहोत, असे दोघांनाही वाटते आणि ते खरे असते. पण पर्यटकांच्या विमापत्रात वगळलेल्या बाबींची एक यादी असते. तिच्यात ‘मोटारचलित शर्यती’ हमखास असतात. काहींत धाडसी हिवाळी खेळ असतात, काहींत आखलेल्या वाटेबाहेर चालविणे. कुठे स्नोमोबाइलचा नामोल्लेख आढळतो, कुठे ती ‘ऑफ-रोड वाहन’ या शब्दांत सामावते. शिवाय रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह अशा पूर्वीपासूनच्या आजारांच्या अटी वेगळ्याच. कडाक्याच्या थंडीत हृदयावर ताण येऊन काही घडले, तर कंपनी अपघाताच्या नव्हे, या दुसऱ्या अटीच्या आधारे नकार देऊ शकते.

यावर उपाय फार कठीण नाही. विमा कंपनीला पत्राने किंवा ई-पत्राने एवढेच विचारावे: आखलेल्या वाटेवर, शर्यत नसताना, चालक म्हणून अथवा मागे बसून स्नोमोबाइलचा अपघात झाल्यास या विमापत्रात संरक्षण आहे काय? एजंटाचे तोंडी ‘हो हो, सगळे कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. लेखी उत्तर नकारार्थी आले तर साहसी खेळांची जोड घेता येते. तिचा हप्ता थोड्या दिवसांसाठी फार नसतो. आणि जोड मिळत नसेल तर फेरी टाळणे हाही निर्णयच आहे.

२१ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी क्वेबेकमधील सेंट-जॉन तळ्यावर जे घडले त्याने या विषयाचा रंगच पालटला. फ्रान्सहून आलेल्या आठ पर्यटकांचा गट मार्गदर्शकासह आखलेली वाट सोडून गोठलेल्या तळ्यावर गेला आणि बर्फ फुटला. पाच पर्यटक आणि त्यांचा मार्गदर्शक बुडून मरण पावले, तिघे वाचले. त्याच वर्षी क्वेबेकने आपला कायदा नव्याने केला. मार्गदर्शकांना प्रशिक्षण आवश्यक ठरले आणि भाड्याने गाडी घेणाऱ्या अननुभवी पाहुण्याला निघण्यापूर्वी सुरक्षिततेचा छोटा पाठ देणे बंधनकारक झाले. हा पाठ कंटाळवाणा वाटतो आणि फेरीच्या वेळातून जातो, अशी तक्रार पर्यटक करतात. ती कानाआड करावी, आणि मार्गदर्शकाने आखलेली वाट सोडण्याचा बेत सुचविला तर त्याला स्पष्ट नाही म्हणावे. वाट सुटली की परवाना सुटतो, आणि पुष्कळदा विमाही.

वाटेवर पोलीस किंवा क्लबचे स्वयंसेवक-रक्षक थांबवू शकतात. गाडीची नोंदणी, विम्याचा पुरावा आणि चालक परवाना जवळ असावा. परवान्याचे स्टिकर गाडीवर, ठरवून दिलेल्या जागी चिकटवलेले हवे. हे सर्व मोबाइलमध्ये ठेवून निघण्याची सवय अलीकडे वाढली आहे. उणे वीस अंशांत मोबाइलची बॅटरी मान टाकते, तेव्हा कागदाच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवाव्यात, आणि त्याच पाकिटात वैद्यकीय विम्याचा क्रमांक आणि कंपनीचा चोवीस तास चालणारा दूरध्वनी लिहून ठेवावा. बहुतेक विमापत्रांत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी किंवा होताच कंपनीला कळविण्याची अट असते, आणि तो फोन जखमी माणसाला स्वतः करता येत नसतो. म्हणून दुसरी प्रत सोबतच्याच्या खिशात असावी.